पायाळू बाळ आणि पायाच्या करंगळीवरचा झी-यिन बिंदू

गोदातीर (धागाकर्ती)

पायाळू बाळ फिरावं म्हणून पायाच्या करंगळीला शेक देतात, हे खरं का? नाशकात माझ्याकडे ॲक्युपंक्चरसाठी येणाऱ्या गरोदर बायकांचा, आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांचा आणि सासूबाईंचा, हल्ली हाच प्रश्न असतो. कुणीतरी पुढे ढकललेल्या व्हिडिओत उदबत्तीने करंगळी शेकताना दाखवतात आणि वर ‘शंभर टक्के खात्री’ असं लिहिलेलं असतं. तो बघून वैतागलेली मंडळी सगळंच थोतांड म्हणून मोकळी होतात. दोन्हीकडून नुकसान त्या बाईचंच. या उपायाला वेळेचं बंधन आहे, आणि घरात होय-नाही चालू असताना ते दोन-तीन आठवडे हातचे जातात. म्हणून मला पक्कं माहीत आहे ते एकदा इथे सविस्तर लिहिते.

आधी जागा. पायाच्या करंगळीच्या नखाचा बाहेरच्या बाजूचा, मुळाकडचा कोपरा धरा. त्याच्यापासून जेमतेम दोन मिलिमीटर मागे आणि बाहेर हा झी-यिन बिंदू येतो. चिनी मापात ०.१ त्सुन, एक त्सुन म्हणजे ज्याचा पाय त्याच्याच हाताच्या अंगठ्याच्या सांध्याची रुंदी. मूत्राशयाच्या वाहिनीवर, म्हणजे मेरिडियनवर (चिनी वैद्यक मानतं तो अंगातली शक्ती वाहण्याचा मार्ग), ६७ बिंदू आहेत आणि हा त्यातला शेवटचा. ही वाहिनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून निघते, डोक्यावरून मागे जाते, कण्याच्या दोन्ही बाजूंनी पाठ उतरते, पोटरीतून घोट्याच्या बाहेरून पायाच्या कडेने करंगळीला येते आणि तिथे संपते. करंगळीच्या खालून मूत्रपिंडाची वाहिनी सुरू होते. यिन आणि यांग या चिनी विचारातल्या एकमेकींना पूरक अशा दोन बाजू; पहिली वाहिनी यांग, दुसरी यिन, म्हणून या टोकाच्या बिंदूला ‘यिनपाशी पोचणारा’ असं नाव.

वाहिनीचा हा रस्ता डोळ्यांसमोर ठेवला की पारंपरिक उपयोग आपोआप उलगडतात. टाळू किंवा मानेवरचा भाग ठणकणारी डोकेदुखी, डोळ्यांतली कळ, चोंदलेलं नाक, घोळणा फुटणं, लघवी अडखळणं, तळपायांची आग. वाहिनीच्या वरच्या टोकाचं दुखणं खालच्या टोकाला हात घालून उतरवायचं, ही चिनी वैद्यकातली जुनी रीत आहे. आणि या सगळ्यांबरोबर येतात बाळंतपणाचे उपयोग: अडलेली बाई, न पडणारी वार, आणि पोटात नीट न बसलेलं बाळ.

बिंदू जुना आहे. ‘हुआंगदी नेईजिंग’ या चिनी वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथाच्या लिंगशू भागात दुसऱ्याच प्रकरणात ‘झी-यिन म्हणजे पायाच्या करंगळीचं टोक’ असा उल्लेख येतो. बाळंतपणाची सगळ्यांत गाजलेली हकिगत मात्र थांग घराण्याच्या काळातल्या झांग वनचोंग या वैद्याची. सम्राज्ञी वू झत्यानच्या दरबारात तो होता. एका बाईचं बाळ आडवं, हात आधी बाहेर आलेला, मंत्र-ताईत-औषधं सगळं करून झालेलं. त्याने तिच्या उजव्या करंगळीच्या टोकावर मॉक्साच्या, म्हणजे वाळवून कुटलेल्या एका पाल्याच्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या तीन वाती जाळल्या आणि ती लगेच मोकळी झाली, असं सोंग घराण्याच्या काळात, इ.स. ९९२ च्या ‘थायफिंग शंगह्वेई फांग’ या राजाश्रयाने तयार झालेल्या औषधसंग्रहात नोंदलं आहे.

ही गोष्ट सगळे सांगतात, पण नीट वाचत नाहीत. ती बाई प्रत्यक्ष कळा देत होती. बाळ आडवं होतं, पायाळू नव्हतं. आज आपण जे करतो, म्हणजे कळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी, आठव्या महिन्यात, रोज थोडा शेक, ते या हकिगतीतून सरळ निघत नाही. ‘हजार वर्षांची परंपरा’ म्हणून जे विकलं जातं त्यातला बराच भाग विसाव्या शतकातल्या चिनी दवाखान्यांत घडलेला आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही, पण हजार वर्षांपूर्वीच्या अडलेल्या बाईचा दाखला देऊन आजच्या बाईला खात्री देणं मला पटत नाही.

मॉक्सा म्हणजे चिनी आर्टिमिशियाची वाळवून, कुटून, चाळून कापसासारखी मऊ केलेली पानं. ज्योतिबाला आपण जो दवणा वाहतो तो याच कुळातला, पण वनस्पती वेगळी, तेव्हा दवण्याच्या काड्या पेटवू नका. ही पानं कागदात गच्च वळून हातभर नाही पण वीतभर लांबीची कांडी करतात. ती विस्तवासारखी धुमसते, ज्योत धरत नाही.

आता पुरावा. १९९८ च्या नोव्हेंबरात ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात कार्डिनी आणि हुआंग यांचा अभ्यास आला. चीनच्या जियांग्शी प्रांतातल्या २६० पहिलटकरणी, सगळ्या ३३ व्या आठवड्यात, बाळ पायाळू असल्याचं सोनोग्राफीत पाहिलेलं. निम्म्या जणींना सात दिवस झी-यिनवर शेक, बाळ तसंच राहिलं तर आणखी सात दिवस. निम्म्यांना नेहमीची देखभाल. ३५ व्या आठवड्यात शेकाच्या गटात १३० पैकी ९८ बाळांचं डोकं खाली आलेलं, दुसऱ्या गटात ६२. बाळांची हालचालही शेकाच्या गटात जास्त नोंदली गेली. या अभ्यासानंतर युरोपातल्या सुईणी आणि डॉक्टर याकडे गंभीरपणे बघू लागले.

माझं म्हणणं एवढंच: ३३ ते ३५ आठवडे, डॉक्टरांना सांगून, बाकी काही गुंतागुंत नसेल तर हा उपाय करून बघण्यासारखा आहे. सुई टोचून घेऊ नका. गरोदरपणात या बिंदूवर सुई परंपरेनेच वर्ज्य मानली आहे. आणि ‘फिरेलच’ असं जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका.

पारंबी

फार उपयुक्त धागा, ताई. आमच्याकडे रत्नागिरीला पायाळू माणसाची काय काय महती असते! उसण भरली, पाठ लचकली की गावातल्या पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. माझे मोठे काका पायाळू. पेरणीच्या दिवसांत ओटीवर रांग लागायची, आणि काका भाकरी अर्धी टाकून उठायचे, कुणाला थांबवायचे नाहीत. त्याच काकांना पाऊस गडगडला की आजी पडवीत यायला भाग पाडायची, कारण पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत.

म्हणजे जन्मल्यावर एवढा मान आणि जन्मताना आईचा जीव टांगणीला. आजी सांगायची, काकांच्या वेळी सुईणीने रात्रभर हातपाय गाळले नाहीत म्हणून दोघं वाचली. तेव्हा कुणाला बाळ आधी फिरवता येतं हे माहीत असतं तर?

एक विचारायचं होतं. बाळ आपणहून किती वेळा फिरतं? म्हणजे शेकाने फिरलं की तसंच फिरणार होतं, हे कसं कळायचं?

डॉ_कृष्णाकाठ

मी सांगली भागात स्त्रीरोग आणि प्रसूतीचं काम करते. पारंबी, तुमचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. २८ व्या आठवड्यात साधारण पाचांतलं एक बाळ पायाळू असतं. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात तीन-चारावर येतं. म्हणजे बहुतेक बाळं काही न करता फिरतात. म्हणूनच सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘ब्रीच’ शब्द वाचून घाबरू नका, असं आम्ही सांगतो. वर दिलेल्या चिनी अभ्यासातसुद्धा काहीच न केलेल्या गटातली जवळजवळ निम्मी बाळं ३५ व्या आठवड्यापर्यंत फिरलीच होती. उपायाचं श्रेय मोजायचं ते त्या निम्म्याच्या वरचं.

फिरलं नाही तर? २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांवर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. पायाळू बाळासाठी ठरवून केलेलं सिझेरियन बाळाच्या दृष्टीने जास्त सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली, पण जगभर पायाळू म्हणजे सिझेरियन हे समीकरण तेव्हापासून घट्ट झालं. परिणामी पायाळू बाळंतपण योनिमार्गे करण्याचा हात असलेले डॉक्टर कमी होत गेले.

मधला रस्ता आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाहेरून, पोटावर हात ठेवून बाळ फिरवणं. एक्सटर्नल सेफॅलिक व्हर्जन, थोडक्यात ई.सी.व्ही. पहिलटकरणीला ३६ व्या आठवड्यापासून, आधी बाळंतपण झालेलीला ३७ व्यापासून. गर्भाशय सैल करणारं इंजेक्शन देतात, एका हाताने बाळाचं बूड ओटीपोटातून वर उचलतात, दुसऱ्याने डोक्याला दिशा देतात, सोनोग्राफीवर ठोके बघत. साधारण निम्म्या वेळा जमतं. दोनशेत एखादीला त्यानंतर लगेच सिझेरियनची वेळ येते, म्हणून ते रुग्णालयातच, ऑपरेशन थिएटर तयार असतानाच करायचं.

झी-यिनच्या शेकाबद्दल माझी भूमिका विरोधाची नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही ३३ ते ३५ आठवड्यांत, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली मॉक्साचा विचार करता येईल, असं म्हटलं आहे. त्याच मार्गदर्शनात, उशा ठेवून उलटं झोपणं वगैरे आसनांना पुरावा नाही, असंही आहे. फक्त शेकाच्या नादात ३६ व्या आठवड्याची तपासणी चुकवू नका.

अंकगणित

धागाकर्तीने एकच अभ्यास सांगितला, आणि तो सगळ्यांत अनुकूल आहे. दुसरी बाजूही यायला हवी.

त्याच कार्डिनींनी इटलीत तसाच अभ्यास सुरू केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १२३ जणी झाल्यावर थांबवावा लागला, कारण बऱ्याच जणींनी उपाय मध्येच सोडला. वास, धूर, मळमळ, पोटात कळा आल्यासारखं वाटणं अशा तक्रारी होत्या. दोन्ही गटांत डोकं खाली आलेल्या बाळांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, एक-तृतीयांशाच्या थोडं पुढे-मागे. मग २००९ मध्ये जिनिव्हातला अभ्यास: २१२ स्त्रिया, ३४ ते ३८ आठवडे. शेकाच्या गटात १८ टक्के, दुसऱ्या गटात १६. म्हणजे फरक नाही.

चिनी अभ्यासात आपण कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकीला माहीत होतं. शेक घेणारी बाई तेवढा वेळ निवांत पडून राहते, पोटाकडे लक्ष देते. ‘बाळ जास्त हललं’ ही नोंद तिचीच. खोट्या शेकाशी तुलना केल्याशिवाय मी तरी हा परिणाम करंगळीच्या खात्यात टाकणार नाही.

गोदातीर

अंकगणित, हे आकडे इथे यायलाच हवे होते, आभार. जिनिव्हाच्या अभ्यासात ३८ व्या आठवड्यापर्यंतच्या बायका होत्या, हे मात्र लक्षात घ्या. तेव्हा बाळाला कोलांटी मारायला जागाच उरलेली नसते. दुसऱ्या गटातलीही १६ टक्केच फिरली, जियांग्शीत ४८ टक्के फिरली होती. आठवडा बदलला की सगळं गणित बदलतं. मी धाग्यात वेळेवर एवढा भर दिला तो यासाठीच.

खोट्या शेकाची तुलना झालेली आहे. स्पेनमध्ये, २०१३ साली प्रसिद्ध. ४०६ स्त्रिया, ३३ ते ३५ आठवडे, तीन गट: झी-यिनवर शेक, पायाच्या अंगठ्यावरच्या प्लीहा वाहिनीच्या पहिल्या बिंदूवर शेक, आणि नुसती देखभाल. अंगठ्यावरही तीच कांडी, तोच धूर, तेवढंच निवांत पडणं. जन्माच्या वेळी डोकं खाली असलेली बाळं अनुक्रमे ५८, ४३ आणि ४५ टक्के. अंगठ्याचा शेक आणि काहीच न करणं यांत फरक नाही, करंगळीचा वेगळा निघाला. मला हा अभ्यास जियांग्शीच्या अभ्यासाहून मोलाचा वाटतो.

आणि सगळ्या चाचण्या एकत्र घेऊन कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये जो आढावा काढला, त्यात १३ चाचण्या आणि २१८१ स्त्रिया आहेत. नेहमीच्या देखभालीला शेकाची जोड दिली तर जन्माच्या वेळी बाळाचं डोकं खाली नसण्याची शक्यता बहुधा काहीशी कमी होते, असं ते म्हणतात. तेरा टक्क्यांच्या आसपास घट. सिझेरियनच्या संख्येवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. थोडका फायदा, खर्च नगण्य, धोका कमी. मी माझ्या पेशंटना याच शब्दांत सांगते.

अंकगणित

स्पेनचा अभ्यास वाचला. अंगठ्याचा गट ठेवला ही चांगली रचना आहे. पण शेक कुठे द्यायचा हे ज्याच्या हातात कांडी आहे त्याला माहीतच असणार, हा प्रश्न तिथेही राहतो. तरी ‘नुसतं थोतांड’ असं म्हणायला आता माझ्याकडे आधार नाही, एवढं मान्य. सिझेरियन कमी होत नसेल तर बाईला नेमकं काय मिळालं, हे मात्र मी विचारत राहीन.

डॉ_कृष्णाकाठ

त्याचं एक कारण असं असू शकतं की डोकं खाली आलं तरी सिझेरियन इतर दहा कारणांनी होतं. पण प्रश्न रास्त आहे.

राईनकाठ

मी जर्मनीत राहते. इथे सुईणी हा शेक सर्रास देतात, घरी कांडी देऊन नवऱ्यालाही शिकवतात. आमच्या सुईणीने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते मला माझ्याच बोटांनी चाचपायला लावलं, बरगडीखाली उजवीकडे, नारळासारखं टणक. आणि पुढच्या ई.सी.व्ही.ची तारीख आधीच वहीत लिहून ठेवली. शेक चालू असताना बाळ खरंच खूप ढुशा मारायचं, विशेषतः डाव्या पायाच्या वेळी. पण फिरलं नाही. मग रुग्णालयात बाहेरून फिरवलं, आणि ते जमलं. दुखलं का? दाब खूप जाणवला, पण सोसण्यासारखा.

माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला शेक पटला आणि ई.सी.व्ही.ची भीती वाटली. मला वाटतं आपल्याकडे बऱ्याच घरांत असंच होईल. बाहेरून हाताने फिरवणं म्हणजे पोट चोळणं असं तिला वाटत होतं. कुणा डॉक्टरांनी ते शांतपणे समजावून सांगितलं तर भीती निघून जाते.

डॉ_कृष्णाकाठ

राईनकाठ, बरं झालं लिहिलंत. पोट चोळण्यावरून सांगते: गावाकडे अजूनही कुठे कुठे तेल लावून पोट चोळून बाळ सरळ करायचा प्रयत्न होतो. ते आणि ई.सी.व्ही. यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठोके न बघता, वार कुठे आहे हे माहीत नसताना पोटावर जोर दिला तर वार सुटू शकते. तसं कृपया कुणी करू नये, कुणाला करू देऊ नये.

वैद्य_मधुमालती

आयुर्वेदाच्या बाजूने थोडी भर. सुश्रुताच्या निदानस्थानात आठवा अध्याय मूढगर्भाचा, म्हणजे प्रसवमार्गात अडकलेल्या गर्भाचा. कील, प्रतिखुर, बीजक, परिघ असे चार प्रकार काही जण मानतात, असं सांगून लगेच तो म्हणतो की हे बरोबर नाही, वायूने फिरवलेला गर्भ इतक्या तऱ्हांनी येतो की मोजदाद पुरत नाही. किती प्रामाणिक निरीक्षण आहे हे! परिघ म्हणजे दाराच्या अडसरासारखा आडवा, वरच्या चिनी हकिगतीतला तोच. चिकित्सास्थानात पंधराव्या अध्यायात हाताने गर्भ कसा सोडवायचा ते येतं. दोन्ही पायांनी येणारा असेल तर तसाच सरळ ओढून घ्यावा असं तो सांगतो.

पण पायाच्या करंगळीला शेक देऊन गर्भ फिरवणं आयुर्वेदात नाही. अलीकडे ‘हे आपलं मर्मशास्त्रच आहे, चिन्यांनी नेलं’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. सुश्रुताची पायावरची मर्मं, म्हणजे इजा झाली तर घातक ठरणाऱ्या नाजूक जागा, बघा: अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये क्षिप्र, तळव्याच्या मध्यभागी तलहृदय, मग कूर्च, कूर्चशिर, घोट्याशी गुल्फ. करंगळीच्या नखाशी एकही नाही. शिवाय सुश्रुताने मर्मं सांगितली ती तिथे इजा झाली तर काय होतं हे कळावं, शस्त्रकर्म करताना ती जागा वाचवावी म्हणून. दोन्ही शास्त्रं थोर आहेत, त्यांची सरमिसळ करून कुणाचाच मान वाढत नाही.

सोनचाफा

मधुमालतीताई, तुम्ही बोटांचं बोललात म्हणून विचारते. जोडवी घातल्याने गर्भाशयाचा बिंदू दाबला जातो असं नेहमी ऐकते. चिनी शास्त्रात तसं काही आहे का? आणि गोदातीर, प्रत्यक्ष शेक कसा देतात ते नीट सांगाल का? व्हिडिओत दाखवतात तशी उदबत्ती चालते का, आणि नसेल तर का नाही?

गोदातीर

सोनचाफा, जोडव्याच्या बोटावर, म्हणजे अंगठ्याशेजारच्या बोटावर, चिनी मांडणीत जठराची वाहिनी संपते. अंगठ्यावर यकृत आणि प्लीहा, चौथ्या बोटावर पित्ताशय, करंगळीवर मूत्राशय. मधल्या बोटाच्या नखाशी प्रमाण यादीतला एकही बिंदू नाही. जोडव्याचा आणि गर्भाशयाचा संबंध चिनी ग्रंथांच्या नावावर खपवला जातो, पण तिथे तो नाही. जोडवी सौभाग्याची खूण म्हणून सुंदर आहेत, त्यांना हा आधार लागत नाही. शेकाच्या वेळी मात्र करंगळीत किंवा शेजारच्या बोटात मासोळी असेल तर आधी काढा. चांदी क्षणात तापते आणि बोटाला कडं पडल्यासारखा भाजल्याचा व्रण उठतो.

पद्धत अशी. बाईने लघवीला जाऊन यावं, परकराची नाडी सैल करावी, पाठीला तक्क्या-उशा घेऊन रेलून बसावं, पाय आधारावर. उताणं सपाट झोपवू नये, आठव्या महिन्यात तशाने चक्कर येते. खिडक्या उघड्या, पंखा बंद किंवा मंद, नाहीतर राख उडते. कांडीचं टोक पूर्ण लाल होईपर्यंत पेटवायचं, हळूच फुंकर घालून बघायचं. मग ते करंगळीच्या नखाच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरायचं. शेकणाऱ्याने आपली करंगळी पेशंटच्या पायाला टेकवून हात स्थिर ठेवावा, म्हणजे अंतर चुकत नाही. दुसऱ्या हाताचं बोट बाईच्या करंगळीशेजारी ठेवलं तर किती ऊब लागतेय ते आपल्यालाही कळतं. कातडी हळूहळू गुलाबी होते. बाईला सुखद ऊब वाटली पाहिजे. ‘चटका’ हा शब्द तिच्या तोंडून येताच हात मागे. दर मिनिटा-दीड मिनिटाने राख वाळूच्या वाटीत झटकायची, ती बोटावर पडली की फोड ठरलेला. एका पायाला पंधरा मिनिटं, मग दुसऱ्याला पंधरा. संपल्यावर कांडी वाळूत खुपसून विझवायची. ती वरून विझलेली दिसते आणि आत तासभर धुमसत असते, म्हणून गादीजवळ ठेवू नका.

संध्याकाळची वेळ बरी, बहुतेक बाळं तेव्हा जागी असतात. सात ते दहा दिवस, आणि मध्ये बाळ फिरल्यासारखं वाटलं, पोटाचा आकार बदलला, ढुशा वर बरगडीकडे बसू लागल्या, तर शेक थांबवून सोनोग्राफी करून घ्यायची. फिरलेल्या बाळाला शेक देत राहायचा नाही.

उदबत्तीचा विस्तव बारीक आणि तीक्ष्ण असतो. ऊब मिळण्याइतकी जवळ धरली की चटका बसतो, लांब धरली तर काहीच जाणवत नाही. त्यात सुगंधी द्रव्यांचा धूर गरोदर बाईच्या नाकात जाणार. मॉक्सालाही धूर असतोच, दमा असेल तर तो सोसत नाही. बिनधुराच्या कांड्या मिळतात पण पेटायला जड जातात.

कुणी करू नये तेही लिहिते: जुळं असेल, वार खाली असेल, अंगावरून रक्त गेलं असेल, पाणमोट फुटलेली असेल किंवा पाणी कमी असेल, रक्तदाब वाढलेला असेल, आधीच्या सिझेरियनचा टाका असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय नाही. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेल्या बाईला तर अजिबात नाही, तिला भाजलेलं कळतच नाही. शेक चालू असताना पोट वारंवार घट्ट होऊ लागलं तर तिथेच थांबायचं.

सोलापुरी_धागा

विषय थोडा बाजूला जाईल, पण ॲक्युपंक्चर भारतात आलं त्यात आपल्या सोलापूरचा एक दुवा आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच गेले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले, आणि परत येऊन कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेल्या माणसाने येताना सुया आणल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मेथीची_जुडी

सगळा धागा वाचला. माझी धाकटी बहीण ३६ वा आठवडा संपवून ३७ व्यात आली आहे, बाळ अजून पायाळू. पहिलंच बाळंतपण. तिच्या सासरी कुणीतरी आठवड्याभरात शेकाने फिरवून देतो असं सांगणारा आलाय. काय करावं? वेळ गेली का?

गोदातीर

मेथीची_जुडी, शेकाची वेळ गेली असंच मी म्हणेन. ३७ व्या आठवड्यात मी कांडी पेटवत नाही. आठवड्याभरात फिरवून देतो असं सांगणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चर परिषद झाली आहे, आणि तिथे नोंदणी असलेला माणूस अशी हमी देणार नाही. बाकी डॉक्टर सांगतील.

डॉ_कृष्णाकाठ

ई.सी.व्ही.ची वेळ गेलेली नाही, ती आत्ताच आहे. बहिणीच्या डॉक्टरांना उद्याच विचारा की बाहेरून बाळ फिरवता येईल का, आणि ते स्वतः करत नसतील तर जिल्ह्यात कोण करतं. जाताना शेवटचा सोनोग्राफीचा अहवाल सोबत न्या; वार कुठे आहे, पाणी किती आहे, बाळाचे पाय दुमडलेले आहेत की सरळ, नाळेचा वेढा दिसतोय का, हे सगळं त्यात असतं आणि निर्णय त्यावरच होतो. नाही म्हणाले तर कारण विचारून घ्या. मग सिझेरियनची तारीख ठरली तरी मध्ये कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर वाट न बघता निघायचं, रात्र असली तरी. पायाळू बाळाच्या वेळी पाणी गेलं की नाळ आधी खाली येण्याचा धोका असतो, म्हणून गाडीत आडवं झोपून, कंबरेखाली उशी घेऊन या, आणि निघतानाच रुग्णालयात फोन करा.

मेथीची_जुडी

आताच तिला वाचून दाखवलं. उद्या सकाळची वेळ घेतली आहे, मी स्वतः सोबत जातेय.